भरावावरचे प्रेक्षक

गावच्या मैदानासाठी निधी आला की पहिली मागणी सिमेंटच्या पायऱ्यांची होते. पायऱ्या फोटोत दिसतात, त्यांवर नाव रंगवता येतं. एप्रिलच्या दुपारी त्यांवर पाच मिनिटं टेका, म्हणजे त्या रिकाम्या का असतात ते कळेल. माणसं कडेच्या लिंबाखाली, नाहीतर ट्रॉलीवर चढून सामना बघत असतात.

जालना रोडवरच्या करमाडसारख्या गावात मैदानाची पाहणी करायची तर ती दुपारी चारनंतर, आणि टेप खिशातच ठेवून. सावली कुठे सरकते, माणसं कुठे गोळा होतात, एवढंच बघावं. मैदान उत्तर-दक्षिण लांब असलं की मावळतीचं ऊन कुठल्याच संघाच्या तोंडावर येत नाही. प्रेक्षक पश्चिमेला, सूर्याकडे पाठ करून. नेमका तिथेच पाहुण्यांचा मांडव पडतो आणि गाव समोर डोळ्यांवर हात धरून बसतं! हा वाद पहिल्याच बैठकीत घालावा, पुढे जमत नाही.

डिसेंबरात साडेचारच्या सुमारास ऊन नैऋत्येकडून इतकं तिरपं येतं की सावली झाडाच्या उंचीच्या तिपटीहून लांब पडते. म्हणून झाडांची ओळ पश्चिमेवरून नैऋत्येच्या कोपऱ्यापर्यंत वळवावी लागते. मे महिन्यात सूर्य भरदुपारी डोक्यावर येतो, सावली बुंध्यापाशी गोळा होते. तेव्हा कामाला येतो तो पार. बायका आणि म्हाताऱ्या माणसांसाठी फाटकाजवळ एक पार असला तर ती येऊन बसतात. नाहीतर कडेला उभं राहून परततात. पाराचा दगड बुंध्याला भिडवू नये, मधे हात-दोन हात माती मोकळी हवी. सिमेंटने गळा आवळलेली झाडं जागोजाग दिसतात.

खरी कसोटी नजरेची. क्रिकेटमध्ये चेंडू लांब असतो, पुढच्याचं डोकं फारसं आड येत नाही. कबड्डीचं मैदान पुरुषांसाठी अवघं 13 बाय 10 मीटर, आणि सगळा तंटा रेषेवरच्या अंगठ्याचा. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीहून 10 सेंटिमीटर तरी वरून जायला हवी. माणसं जमिनीवर, पाऊण-पाऊण मीटरवर एकामागे एक बसलेली धरा. पहिली रांग रेषेपासून 1 मीटरवर असेल, तर दुसरी जवळजवळ पाऊण मीटर उंच करावी लागते. तीच पहिली रांग 4 मीटर मागे घेतली की वीतभराहून थोडी जास्त उंची पुरते. पहिली रांग मागे सरकवायला गाव नाखूश असतं, कारण पुढे बसणं हा मान. मी हिशेब सांगत बसत नाही. दोन गड्यांना उलट्या घमेल्यांवर पुढेमागे बसवायचं आणि तिसऱ्याला फक्कीच्या रेषेवर पाय ठेवायला सांगायचं. मागचा ओरडतो, ‘दिसंना!’, मग सगळे सरकतात.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हेच मोठ्या मापावर आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1912 साली खुलं झालेलं हे मैदान. मधे कुस्तीचा हौदा, भोवती चढत जाणारा उतार. नजरेच्या आड येणारा खांब नाही. मातीच्या उताराला प्रेक्षागृह मानायला आपल्याला परदेशी पुस्तकांची गरज नव्हती.

करमाडकडची अडचण काळ्या मातीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायावरच्या सिमेंटच्या पायऱ्या तिच्याबरोबर हलतात. म्हणून भराव करायचा तो मुरमाचा, आणि तोही खालची काळी माती काढून. वीतभर थर, पाणी, रोलर, पुन्हा थर. ठेकेदाराला सगळा मुरूम एकदम ओतायची घाई असते. पहिल्या पावसात असा ढीग बसतो. चढ आडव्या दोन हातांना उभा एक, याहून तीव्र नको. पायथ्याला काळ्या दगडाची कोरडी रचाई आणि पाणी काढून देणारी चर. वर गाळाचा पातळ थर देऊन हरळीचे ठोंब लावायचे, ते पावसाच्या तोंडावर. जिथून माती सुटते त्या कडांना वाळा. त्याची मुळं सरळ खोल जातात.

झाडं कडुलिंबाची आणि करंजाची. गुलमोहर सगळ्यांना हवा असतो, पण त्याची फांदी वाऱ्यात मोडते आणि खाली माणसं बसलेली असतात. रोपं भरावावर नव्हे, मागच्या सपाट जमिनीत, हातभर नव्हे तर मीटरभर खोल खड्ड्यात.

पहिल्या तीन उन्हाळ्यांचं पाणी हा खर्च अंदाजपत्रकात बहुधा नसतोच. पाण्याच्या टाकीखालचा, हातपाय धुण्याचा ओटा झाडांच्या ओळीच्या वरच्या अंगाला घ्यावा, सांडपाणी चरीतून थेट आळ्यात जातं. त्यासाठी वेगळी मंजुरी लागत नाही.