पितृत्वाची कल्पना, युवकांमधील
पितृत्वाची कल्पना, युवकांमधील : पिता म्हणजे कोण व त्याच्याकडून काय अपेक्षावे, याविषयी तरुण वयात मनात घडणारी प्रतिमा. ती केवळ जन्मसंबंधावर अवलंबून नसते. मायकेल लॅम या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये पित्याच्या सहभागाची तीन अंगे सांगितली : प्रत्यक्ष सहवास, गरजेला उपलब्धता आणि संगोपनाची जबाबदारी. महाराष्ट्रात यांत पित्याच्या नावाची भर पडते. कारण ते व्यक्तीच्या स्वतःच्या नावाचाच भाग असते.

पिता हयात असलेल्या युवकास नाव व आधार न मागता लाभतात. त्यामुळे त्याचे लक्ष बहुधा पित्याच्या वागणुकीकडे, म्हणजे शिस्त, संवाद व मतभेद यांकडे असते. पितृहीन युवकाची प्रतिमा आठवणी, आईचे सांगणे आणि काका, मामा, शिक्षक यांच्या सहवासातून घडते. तीत आदर्शीकरण असू शकते, तसाच रोषही. शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्र शासनाने २००६ मध्ये जाहीर केलेल्या विशेष साहाय्य योजनेत अमरावती व अकोला हे जिल्हे होते. कर्ता पुरुष गेलेल्या अशा घरांत पित्याची कामे आईवर येतात व थोरल्या मुलावर धाकट्यांचा भार लवकर पडू शकतो. त्याच्या दृष्टीने पितृत्व म्हणजे प्रथम जबाबदारी होय.

माता-पिता अज्ञात असलेल्यांच्या बाबतीत नावाचाच प्रश्न आधी उभा राहतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर (ता. अचलपूर) येथील बालगृहात शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी १२३ बेवारस, बहुतांशी दिव्यांग मुलांना पिता म्हणून स्वतःचे नाव दिले. तेथील एका मूकबधिर कन्येच्या डिसेंबर २०२० मध्ये नागपूर येथे झालेल्या विवाहात राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी कन्यादान केले. पित्याचे कार्य रक्तसंबंधाबाहेरील व्यक्तीही पार पाडू शकते, हे यातून दिसते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. तथापि बालगृहातील निवासाचा हक्क सामान्यतः अठराव्या वर्षी संपतो व पुढे अनुरक्षणगृहाचा आधारही मर्यादित काळच मिळतो. दिव्यांग अनाथांना आजीवन आश्रय मिळावा, ही पापळकरांची मागणी त्यामुळे पितृत्वाच्या कल्पनेशीच निगडित आहे. पित्याचे घर मूल सज्ञान झाले म्हणून बंद होत नाही.