बहु-अँटेना बिनतारी संदेशवहन : ग्राही यंत्राच्या रचनेचा प्रश्न

प्रेषक व ग्राही या दोन्ही टोकांस एकाहून अधिक अँटेना बसविल्यास, कंप्रतापट्टा अथवा प्रेषणशक्ती न वाढविता संदेशवहनाचा वेग वाढविता येतो, हे फॉशिनी (१९९६) व तेलातार (१९९९) यांच्या विवेचनांनी प्रस्थापित झाले. भोवतालच्या वस्तूंवरून लहरी पुरेशा विखुरल्या जात असतील, तर ही वाढ दोन्ही टोकांच्या अँटेनांपैकी जी संख्या लहान असेल तिच्या प्रमाणात होते. तथापि या लाभाचे मोल ग्राही यंत्रास द्यावे लागते. ते मोल कसे कमी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चार अँटेनांवरून चार भिन्न संकेत एकाच वेळी प्रक्षेपित केले, तर ग्राहीच्या प्रत्येक अँटेनेवर त्या चारही संकेतांचे मिश्रण येऊन पोहोचते व त्यात रवाची भर पडते. मिश्रणाचे गुणक मार्गाच्या आव्यूहात असतात आणि ते पूर्वज्ञात संकेत पाठवून अजमावता येतात. आलेल्या मिश्रणावरून मूळचे चार संकेत ओळखणे, एवढेच ग्राहीचे काम. सर्व संकेतसंयोग सारख्याच संभाव्यतेचे असून रव प्रसामान्य स्वरूपाचा असेल, तर आलेल्या सदिशाशी ज्या संयोगाचे अंतर किमान, तो निवडावा हाच सर्वोत्तम निर्णय होय. परंतु प्रत्येक संकेत १६ बिंदूंच्या संचातला असेल तर असे संयोग ६५,५३६ होतात. ६४ बिंदूंचा संच घेतल्यास १,६७,७७,२१६. २००९ च्या वायफाय मानकातील २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात माहितीवाहक उपकंप्रता ५२ असून एका संकेताचा नेहमीचा अवधी ४ मायक्रोसेकंद आहे. म्हणजे असे निर्णय सेकंदास १ कोटी ३० लाख वेळा घ्यावयाचे! प्रत्येक संयोग तपासून पाहणे येथे अशक्य आहे, हे उघड आहे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे मार्गाच्या आव्यूहाचा व्यस्त घेऊन मिश्रण उकलणे. परंतु आव्यूह जवळजवळ एकविध झाला, म्हणजे दोन मार्ग परस्परांसारखे असले, की व्यस्ताबरोबर रवही वाढतो. किमान-वर्ग-त्रुटीची रीत हा दोष काहीसा सौम्य करते. एकेक संकेत ओळखून तो मिश्रणातून वजा करीत जाण्याची रीत याहून चांगली. मात्र पहिलाच निर्णय चुकला, तर ती चूक पुढील सर्व पायऱ्यांत शिरते.

गोल-शोध पद्धतीचा मार्ग याहून निराळा आहे. जालकातील लघु सदिश शोधण्यासाठी फिंके व पोस्ट यांनी १९८५ मध्ये दिलेल्या रीतीचा संदेशवहनातील उपयोग व्हितेर्बो व बूत्रोस यांनी १९९९ मध्ये विस्ताराने मांडला. प्रथम आव्यूहाचे लंबकोनी व त्रिकोणी अशा दोन आव्यूहांत विघटन केले जाते. त्रिकोणी रूपामुळे शेवटच्या समीकरणात एकच अज्ञात संकेत उरतो, त्यावरच्या समीकरणात दोन, याप्रमाणे. यामुळे सर्व संयोग एका वृक्षाच्या शाखांसारखे मांडता येतात. प्रत्येक पायरीवर अंतरात ऋणेतर पदाचीच भर पडत असल्याने, आंशिक अंतर आजवर सापडलेल्या किमान अंतराहून अधिक झाले की ती संपूर्ण शाखा निर्धास्तपणे सोडून देता येते. सर्वोत्तम उत्तर हातचे न जाता शोध आटोपता होतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

कागदावरील हे यश सिलिकनवर उतरविताना मात्र निराळे प्रश्न उभे राहतात. तेथे केवळ गुणाकारांची संख्या मोजून भागत नाही. चिपचे क्षेत्रफळ आणि घड्याळाच्या एका आवर्तनात मावणारी क्रियांची साखळी यांचाही हिशेब ठेवावा लागतो. बुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चार-बाय-चार, १६ बिंदूंच्या रचनांत प्रत्येक आवर्तनाला वृक्षाच्या एका नव्या गाठीस भेट दिली जाते. त्यांपैकी एका रचनेत वर्गांच्या बेरजेऐवजी सर्वांत मोठ्या घटकावर आधारलेले अंतर वापरले आहे. त्यामुळे अचूकतेत थोडी घट येते. पण गणना सुलभ होते आणि शाखाही लवकर छाटल्या जातात.

खरी अडचण वेळेची आहे. मार्ग अनुकूल असेल तर शोध काही गाठींतच संपतो. प्रतिकूल असेल तर तो फार लांबतो. रवाचे प्रमाण स्थिर धरल्यास या पद्धतीचा सरासरी श्रमदेखील अँटेनांच्या संख्येनुसार घातांकीय रीतीने वाढतो, असे याल्देन व ओटरस्टेन यांनी २००५ मध्ये दाखविले. पुढचा संकेत मात्र ठरलेल्या क्षणी येणारच. यास्तव गाठींच्या संख्येस मर्यादा घालावी लागते, अथवा प्रत्येक पातळीवर ठराविक संख्येच्या सर्वोत्तम शाखाच राखून पुढे जावे लागते. या दुसऱ्या रीतीत वेळ निश्चित असून कामाची ओळीने विभागणी करता येते. परंतु खरी शाखा आरंभीच गळण्याचा संभव राहतो आणि क्रमवारी लावण्याचा भार वाढतो.

विघटनाचे कामही उपेक्षणीय नव्हे. व्होल्डर यांनी १९५९ मध्ये मांडलेली कॉर्डिक रीत येथे आजही उपयोगी पडते. कारण सदिशाचे परिभ्रमण ती केवळ स्थानांतर व बेरीज यांच्या साहाय्याने साधते. शिवाय मार्ग बदलेपर्यंत एकदा केलेले विघटन पुनःपुन्हा वापरता येते.

मार्झेटा यांनी २०१० मध्ये मांडलेल्या योजनेप्रमाणे तळकेंद्रावरील अँटेना ग्राहकांच्या मानाने फारच अधिक असतील, तर अनुकूल परिस्थितीत त्यांचे मार्ग जवळजवळ परस्परलंब होतात व साधी रैखिक रीतही पुरेशी ठरते. सारांश, कोणतीही एक पद्धती सर्वत्र श्रेष्ठ नाही. अँटेनांची संख्या, मार्गाचे स्वरूप आणि निर्णयास मिळणारा अवधी यांवरूनच निवड करावी लागते. आणि ती करणाऱ्यास गणित व मंडलरचना या दोहोंचे ज्ञान अवश्य असावे लागते.