व्रबान्या पुलावरील दोघे

१९९२ पासून बोस्नियातील सारायेव्हो शहर वेढ्यात होते. बोश्को ब्रकिच सर्ब ख्रिस्ती, अदमिरा इस्मिच मुस्लिम. आई सर्बियात गेली, तरी बोश्को अदमिरासाठी शहरातच राहिला. मे १९९३ मध्ये, वाट सुरक्षित राहील या आश्वासनावर, पंचविशीतील हे दोघे व्रबान्या पुलाकडे निघाले. गोळ्या सुटल्या. बोश्को जागीच कोसळला. जखमी अदमिरेने सरपटत जाऊन त्याला कवटाळले व प्राण सोडला. दोन्ही पक्षांनी परस्परांस दोषी ठरविले. देह मात्र कित्येक दिवस तेथेच पडून होते. १९९६ मध्ये सारायेव्होत दोघांचे एकत्र दफन झाले.

‘माझेच सत्य’ या एकांतवादी आग्रहाने शस्त्र धरले की असेच घडते. अनेकांताची शिकवण म्हणूनच अहिंसेपासून वेगळी काढता येत नाही.