उकळू नका, पिळा!

ठाकुर्ली-डोंबिवलीत फाल्सिपेरम मलेरियाच्या रुग्णाला मिळणाऱ्या गोळ्यांत आर्टेमिसिनिन गटातलं औषध असतं. ते मूळचं छिंगहाओ या चिनी वनस्पतीतलं. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं आहे. उष्णतेनं गुण जात असावा, हे चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांनी त्यावरून ताडलं. १९७१ मध्ये त्यांनी ३५ अंशांना उकळणारं ईथर वापरलं आणि अर्क लागू पडला. २०१५ मध्ये नोबेल मिळालं.

पारंपरिक वनस्पतीतून आधुनिक औषध मिळाल्याचं आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं, पण दुर्दैवानं विस्मरणात गेलेलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन मिळालेले निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. सर्पगंधेतलं रिसर्पिन हे औषधी द्रव्य १९५२ मध्ये वेगळं झालं.