गाळ्यावरचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग पळतंय? आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा

तुर्भे : जुन्नर, आंबेगाव, खेडचा माल गाडीत भरून तुर्भे येथील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीत जातो. शेतकरी स्वतः बहुतेक वेळा गावीच असतो. पट्टीवर गोण्या कमी दिसल्या की वाद होतो आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं जातं. पेनड्राइव्हवर फाइल येते. ती लावली तर हमाल धावत सुटल्यासारखे दिसतात, दहा मिनिटांचं काम चार मिनिटांत संपतं. मग ‘व्हिडिओत काहीतरी केलंय’ असा संशय येतो. बऱ्याचदा कारण साधं असतं.

व्हिडिओ पळतो का?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेले फोटो. त्यांना फ्रेम म्हणतात. डिस्कवर जागा वाचावी म्हणून अनेक ठिकाणी कॅमेरा सेकंदाला १० फ्रेमवर लावलेला असतो. प्रत्येक फ्रेम कधीची, ही नोंद रेकॉर्डरकडे असते. पण फाइल बाहेर काढताना ही नोंद सुटली, तर कॉम्प्युटरवरचा प्लेअर आपल्या अंदाजाने सेकंदाला २५ फ्रेम दाखवतो. १० मिनिटांच्या ६,००० फ्रेम मग २४० सेकंदांत, म्हणजे ४ मिनिटांत संपतात. एकही फ्रेम गेलेली नसते, फक्त वेग चुकलेला असतो.

दिवसाचं रेकॉर्डिंग बरोबर आणि रात्रीचंच पळत असेल, तर उजेड बघा. अंधारात काही कॅमेरे शटर जास्त वेळ उघडं ठेवतात, त्यामुळे फ्रेम निम्म्यावर येतात. माल रात्री-पहाटे उतरतो, म्हणून बाजारात हे महत्त्वाचं.

दोष कसा ओळखायचा?

चित्राच्या कोपऱ्यात तारीख-वेळ असते. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि एक मिनिट दोन्ही बघा.

- कोपऱ्यातलं घड्याळ एकसारखं जोरात धावतंय : फ्रेमच्या वेगाचा घोळ.
- घड्याळ मध्येच उडी मारतंय, १० सेकंदांवरून थेट ४० वर : हालचाल दिसली तरच रेकॉर्ड होण्याची सेटिंग, किंवा नेटवर्क कमजोर असल्याने फ्रेम गळालेल्या. या मधल्या वेळेत काय झालं, ते व्हिडिओ सांगू शकत नाही.
- घड्याळ रखडतंय, चित्र अडकतंय : जुन्या कॉम्प्युटरला एच.२६५ प्रकारची किंवा मोठ्या रिझोल्यूशनची फाइल पेलत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा.
- वेग बरोबर, पण वेळच चुकीची : रेकॉर्डरचं घड्याळ मागे-पुढे. आत्ताची वेळ आणि रेकॉर्डरची वेळ यातला फरक लगेच लिहून ठेवा.

उपाय काय?

फाइल मागताना रेकॉर्डरच्या मूळ फॉरमॅटमध्ये मागा आणि त्याच कंपनीचा प्लेअरही सोबत घ्या. त्यात वेग बहुधा बरोबर दिसतो. तो नसेल तर व्हीएलसीमध्ये वेग कमी करा. १० फ्रेमच्या फाइलला ०.४० पट ठेवला की काम होतं. मूळ फाइल मात्र बदलू नका. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबून लहान केली जाते, म्हणजे ती मूळ राहत नाही.

गाळेवाल्यांनी कॅमेऱ्याला फ्रेमचा ठरावीक वेग द्यावा, उतराईच्या जागी दिवा लावावा आणि रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं ठेवावं.

कोर्टात गेलं तर?

वेळेवरच सगळं अडलेलं मोठं प्रकरण आपल्याच राज्यातलं आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्जाची मुदत दुपारी ३ पर्यंत होती. अर्ज त्यानंतर घेतले, असा आक्षेप होता आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग पुढे आलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं, की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत प्रमाणपत्र लागतंच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. हा फाइलचा अंगठाच समजा. फाइलमध्ये थोडाही बदल झाला की तो जुळत नाही. वेग ‘दुरुस्त’ करून नव्याने सेव्ह केलेली फाइल म्हणूनच मूळची जागा घेऊ शकत नाही.

आणि घाई करा. डिस्क भरली की रेकॉर्डर जुन्यावर नवीन लिहितो. पट्टी हातात आली आणि आकडा खटकला, तर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि गाडी नंबर टाकून रेकॉर्डिंग जपून ठेवण्याची लेखी मागणी करा. पोच घ्यायला विसरू नका.