एक मेला की सगळे हरले: मिळून खेळायचा बोर्ड गेम एकट्याने खेळता येतो का?

ल्युडोत दुसऱ्याची सोंगटी मारली की आपला फायदा. सहकारी बोर्ड गेममध्ये मात्र सगळे खेळाडू एकाच बाजूला असतात आणि लढत असते थेट खेळाशी. २०१२ मध्ये आलेला, पोलंडच्या इग्नात्सी त्शेविचेक यांचा 'रॉबिन्सन क्रूसो' हा असाच गेम.

नेमकं करायचं काय?

१ ते ४ खेळाडू निर्जन बेटावर अडकलेले असतात. पहिल्या मोहिमेत १२ फेऱ्यांत लाकडांचा ढीग रचून, तो पेटवून जहाजाचं लक्ष वेधायचं. प्रत्येकाकडे फेरीला दोनच सोंगट्या. बेट शोधायचं, लाकूड-अन्न गोळा करायचं की निवारा बांधायचा? एका कामावर दोन सोंगट्या लावल्या तर यश नक्की. एकच लावली तर फासे टाकायचे. त्यात जखमही होऊ शकते. रात्री उपाशी राहणाऱ्याला दोन जखमा. चौघांत तिघांपुरतंच अन्न असेल, तर उपाशी कोण राहणार? एकही खेळाडू मेला, तर सगळे हरतात.

एकट्याने खेळलं तर?

प्रतिस्पर्धी नसल्याने एकट्यालाही खेळता येतं. मदतीला फ्रायडे आणि कुत्रा असतो. पण चुकलं तर दोष द्यायला कुणी नसतं.

मित्रांसोबत अडचण काय?

अनुभवी खेळाडू सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो. त्याला 'अल्फा प्लेअर' म्हणतात. बाकीचे नुसते बघे होतात. उपाय सोपा आहे: सल्ला सगळ्यांनी द्यावा, पण ज्याची सोंगटी, त्याचाच शेवटचा शब्द. हे जमत नसेल, तर एकट्याने खेळलेलं बरं.