लिंबू, तळहात आणि पट्टा

'किल बिल' आठवतोय? २००३ साली उमा थर्मननं पिवळ्या ट्रॅकसूटमध्ये कताना फिरवली आणि कितीतरी बॅचलर फ्लॅट्सच्या भिंतींवर गिटारच्या शेजारी एक जपानी तलवारही येऊन लटकली. दुसरीकडे आपले 'भाई'! बर्थडेला तलवारीनं केक कापायचा, फोटो स्टेटसला टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांना स्टेटमेंट द्यायचं. दोन्ही प्रकारांत एक गंमत कॉमन आहे. भिंतीवरच्या तलवारीला बहुतेक वेळा धार नसते, आणि केक कापायला धार लागतच नाही.

मग धार असलेली तलवार घेऊन कुणी मन लावून काही कापतं का? कापतात ना. जपानमध्ये कापतात, आणि आमच्या कोल्हापुरातही.

आधी जपानचं सांगते. तिकडे या प्रकाराला 'तामेशिगिरी' म्हणतात, म्हणजे कापून बघणं, धारेची परीक्षा. गवताच्या चटईची घट्ट गुंडाळी करून ती पाण्यात भिजवतात, खुंटीवर उभी करतात आणि दोन हातांनी धरलेल्या कतानानं तिरकी छाटतात. गुंडाळीच्या पोटात कधीकधी हिरवा बांबू घालतात. चटई म्हणजे मांस, बांबू म्हणजे हाड, असा हिशोब. सध्या हा एक शिस्तबद्ध छंद आहे, त्याच्या स्पर्धा होतात. मात्र मूळ इतकं गोड नाही. एडो काळात नव्या तलवारीची परीक्षा देहदंड दिलेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर होई. यामादा आसाएमोन हे नाव लावणारं एक घराणं पिढ्यानपिढ्या हेच काम करत होतं. तलवार किती धडांतून आरपार गेली, हे मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर कोरून ठेवत. आजच्या भाषेत क्वालिटी सर्टिफिकेट!

कोल्हापुरात याच परीक्षेचा आपला अवतार आहे आणि तो मर्दानी खेळात सापडतो. लाठी, फरी-गदका, भाला, विटा, तलवार आणि सगळ्यांचा राजा दांडपट्टा. शिवजयंतीला किंवा मिरवणुकीत तुम्ही हे पाहिलं असेल, मोबाइलवर शूटही केलं असेल. पट्टा गरागरा फिरतो, हलगी कडकडते आणि मग एक पोरगा समोर येऊन तळहातावर लिंबू ठेवतो. पट्टा खाली येतो. लिंबाच्या दोन फोडी, हाताला ओरखडा नाही. टाळ्या, शिट्ट्या, नेक्स्ट आयटम.

मीही लहानपणापासून तेवढंच बघत आले होते. दीड वर्षापूर्वी ऑफिसनंतर जिमऐवजी पेठेतल्या एका तालमीत जायला लागले, तेव्हा त्या दोन सेकंदांमागे काय आहे ते कळायला लागलं. (हो, मुलीही शिकतात, आणि भरपूर शिकतात. 'मर्दानी' हे नाव आहे, अट नाही.)

पहिले कित्येक महिने धारेचं दर्शनच नाही. लाठी, लाठी आणि लाठी. कंबर, खांदा, पाय यांची गाडी एका लायनीत येईपर्यंत हातात लोखंड मिळत नाही. मग बोथट तलवार मिळते. धारेची तलवार वस्तादांच्या कुलपातून बाहेर आली ती थेट सहा महिन्यांनी, आणि माझ्यासमोर आलं केळीचं खोड. मला वाटलं, हे तर भाजीच! मारला जोरात. पातं निम्म्यात रुतून बसलं.

"पोरी, लाकूड फोडाय आलीयास व्हय? ताकद ऱ्हाऊ दे घरात, धार फिरव."

सगळा फंडा त्या दोन शब्दांत आहे. पातं ज्या दिशेनं जातंय, त्याच दिशेला धार पाहिजे. मनगट किंचित कललं की पातं कापायचं सोडून थापट मारतं. जपानी लोकांकडे याला खास शब्द आहे, 'हासुजी', म्हणजे धारेची रेषा. आमच्या तालमीत शब्द नाही, कान आहेत. रेषा जमली की वारा बारीक कापला जातो आणि 'सूं' असा आवाज येतो. चुकली की फडफड. पात्याला पन्हळ असेल तर हा आवाज आणखी स्वच्छ ऐकू येतो. वस्ताद पाठमोरे चहा पीत असले, तरी कुणाचा हात वाकडा गेला ते सांगतात.

दुसरी गोष्ट ओढ. तलवार आपटायची नाही, ओढायची. टोमॅटोवर सुरी नुसती दाबली तर तो चेपतो, ओढली तर कापला जातो, तेच हे. आपली तलवार त्यासाठीच घडलीये. पातं वाकडं आणि मुठीच्या टोकाला वाटीसारखी चकती. ही चकती सुरुवातीला मनगटाला जाम टोचते आणि मूठ फार आखूड वाटते. पण टोचते म्हणूनच मनगट फार मोडता येत नाही, आणि वार आपोआप खांद्यातून, गोल, ओढत निघतो. कतानाची लांब मूठ दोन हातांना जागा देते, आपली एका हाताला शिस्त लावते. मला आपली आवडते, पण माझं मत म्हणजे घरच्या पोरीचं मत.

पट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याला मूठ नाही, पोलादी हातमोजाच आहे. कोपरापर्यंत हात आत जातो, आतला आडवा दांडा पकडायचा आणि पुढे साधारण तीन-चार फुटांचं सरळ, दुधारी, लवचिक पातं. मनगट लॉक. जे काही करायचं ते खांद्यानं, कमरेनं आणि पायांनी. म्हणून पट्टेवाला उभा राहून वार करत नाही, तो सतत फिरत असतो. कोल्हापूरपासून जेमतेम वीस किलोमीटरवर पन्हाळा आहे. तिथून १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, आणि घोडखिंडीतले बाजीप्रभू आपल्या डोळ्यांसमोर येतात ते दोन्ही हातांत पट्टे घेऊनच. २०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्र सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. आमच्या तालमीत त्या दिवशी पेढे वाटले, दुसऱ्या दिवशी पुन्हा लाठी.

आता मूळ मुद्दा, लिंबू. जपानी परीक्षेत तलवार आरपार गेली पाहिजे. पातं गेलं कसं, कोन किती, कापाचा भाग गुळगुळीत आहे का, हे बघतात. कोल्हापुरी परीक्षेत पातं थांबलं पाहिजे. लिंबू असतं चार-एक सेंटिमीटरचं. त्यातून जायचं, आणि जिथे लिंबू संपतं नि माणूस सुरू होतो तिथे थबकायचं. तेही मनगट लॉक असलेल्या, लवलवत्या पात्यानं. जमिनीवरचं लिंबू, मग दोऱ्याला टांगलेलं, मग लाकडाच्या ठोकळ्यावरचं. ठोकळ्यावर चरा उठला की मोजणी पुन्हा शून्यापासून. आमच्याकडे ठोकळ्यावर सलग शंभर लिंबं चऱ्याशिवाय निघाल्याखेरीज कुणाच्या हाताचा विषयच निघत नाही. बाजारात लिंबं महाग झाली की सुपारीनं आणि बटाट्यानं भागवतात. सीझनमध्ये ऊस आहेच. कोल्हापुरात त्याला तोटा नाही.

शंभर लिंबं पूर्ण केलेल्या एका सीनियर मुलीसाठी गेल्या वर्षी मी हात पुढे केला. तिच्याबरोबर वर्षभर लाठी खेळले होते, तिचा पाय कुठे पडतो ते झोपेतही सांगितलं असतं. तळहात सपाट, बोटं खाली वळवलेली, नजर तिच्या खांद्यावर. पात्याकडे बघायचं नाही, कारण पातं बघितलं की हात हलतो, आणि इथे हलणारा हातच धोक्यात असतो. पट्टा दोनदा माझ्या डोक्यावरून गेला. तिसऱ्यांदा मला काहीच जाणवलं नाही, फक्त तळहातावर गार रस. गुडघे थरथरायला लागले ते नंतर. तिचे माझ्यापेक्षा जास्त. ती खाली बसली आणि पाच मिनिटं कुणाशी बोलली नाही.

म्हणूनच डोळ्यांवर पट्टी बांधून, गर्दीतल्या कुठल्याही हौशी माणसाला आडवं झोपवून, त्याच्या पोटावरची काकडी कापणं मला पटत नाही. टाळ्या जास्त मिळतात, कबूल. पण हात देणाऱ्यानं वार करणाऱ्याला ओळखलेलं असायला हवं. आमच्या वस्तादांनी प्रेक्षकांतून माणूस घेणं कधीच बंद केलंय. त्यांचं कारण साधं: आपला माणूस हलत नाही, पाहुणा हलतो.

जाता जाता थोडं कामाचं. भिंतीवरची स्टेनलेस स्टीलची शोभेची 'कताना' असेल तर ती भिंतीवरच राहू द्या. तिचं पातं मुठीत बऱ्याचदा बारीकशा सळीवर बसवलेलं असतं. जोरात फिरवली की मूठ हातात आणि पातं शेजाऱ्यांकडे. शस्त्र कायद्यालाही हलकं घेऊ नका. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं घरकामाचं, शेतीचं वगैरे नसेल, तर नियमांत ते शस्त्रच. तालमीतली हत्यारं वस्तादांच्या ताब्यात असतात ती उगाच नाही. शिकायचंच असेल तर आधी महिनाभर नुसतं बघायला जा. ठोकळ्यावर किती चरे आहेत आणि पहिल्या दिवशी तलवार हातात देतात का, एवढं बघा. देत असतील तर दुसरी तालीम शोधा.

आणि हो, लिंबू कापल्यावर लगेच घरी पळता येत नाही. लिंबाच्या आम्लानं पोलादावर बघता बघता काळे डाग पडतात. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं, मग तेलाचा हात. जपानी लोक लवंगेचा वास असलेलं तेल वापरतात, आमच्याकडे शिवणयंत्राचं. पुसताना फडकं नेहमी पाठीच्या बाजूनं धरायचं. दुधारी पट्ट्याला पाठच नसते, म्हणून तो वस्ताद स्वतः पुसतात.